चीनच्या राजकारणातला ‘औपचारिकतावाद’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमध्ये ‘औपचारिकतावाद’ कशाला म्हणतात?

काम झाल्याचे दिसणे हेच जिथे काम होऊन बसते, त्या सरकारी वागण्याला चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या भाषेत ‘शिंगशर जूयी’ म्हणतात. बैठक होते, इतिवृत्त लिहिले जाते, फोटो निघतात, तक्ता भरून वर जातो आणि ज्या कारणासाठी हे सगळे सुरू झाले ते जागच्या जागी राहते. कागदी घोडे नाचवणे म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे अर्थ लगेच पोहोचतो.

मात्र एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा. हा शब्द आळसासाठी नाही. ज्या गावपातळीच्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला हा औपचारिकतावाद येतो, तो बहुतेक वेळा रात्री उशिरापर्यंत तक्ते भरत बसलेला असतो. कामचुकारपणासाठी चिनी राजकीय भाषेत ‘लान जंग’ हा वेगळा शब्द आहे, लाचखोरीसाठी आणखी वेगळा. या तिन्हींची सरमिसळ केली की चीनमधली अर्धी बातमी चुकीची वाचली जाते.

उच्चार आणि लेखन कसे करावे?

‘शिंगशर’ म्हणजे बाह्य रूप, ‘जूयी’ म्हणजे वाद. दुसऱ्या अक्षरातला ‘श’ जीभ मागे वळवून म्हटला जातो, म्हणून ‘शिंगशी’ लिहिले की उच्चार भलतीकडे जातो. मराठी मजकुरात ‘औपचारिकतावाद’ पुरेसा आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘केवळ देखाव्यासाठी केलेले सरकारी काम’ असा खुलासा जोडावा, कारण नुसत्या ‘औपचारिकता’ या शब्दाला मराठीत शिष्टाचाराचा वास आहे.

नोकरशाहीवाद आणि औपचारिकतावाद यांत फरक काय?

चिनी कागदपत्रांत हे दोन शब्द जोडीने येतात, पण आरोप दोन आहेत. नोकरशाहीवाद, म्हणजे ‘ग्वानल्याओ जूयी’, हा वृत्तीवरचा आरोप आहे: वर बसून हुकूम सोडणे, लोकांपासून तुटणे, स्वतःला मोठे समजणे. औपचारिकतावाद हा पद्धतीवरचा आरोप आहे: बोलणे एक आणि करणे एक, परिणामाची फिकीर नाही, पोकळ प्रसिद्धीची हौस, खोटी आकडेवारी.

व्यवहारात पहिला दुसऱ्याला जन्म देतो. वरच्या अधिकाऱ्याला गावात जायचे नसते, म्हणून तो कागद मागवतो. खालच्याला उत्तर द्यायचे असते, म्हणून तो कागद तयार करतो. दोघांपैकी शिक्षा कोणाला होते, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

‘चार वारे’ ही काय भानगड आहे?

चिनी राजकीय भाषेत कामाच्या रीतीला ‘वारा’ म्हणतात. १८ जून २०१३ रोजी पक्षाच्या ‘जनमार्ग’ (लोकांशी जवळीक ठेवण्याच्या) मोहिमेच्या बैठकीत शी जिनपिंग यांनी ज्यांच्याविरुद्ध लढायचे असे चार वारे सांगितले: औपचारिकतावाद, नोकरशाहीवाद, भोगवाद आणि उधळपट्टी. त्याआधी, ४ डिसेंबर २०१२ रोजी, पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या समितीने, ‘आठ कलमी नियम’ मंजूर केले होते. बैठका लहान करा, दौऱ्यात स्वागताचा थाट नको, अशी त्यांची धाटणी होती.

चारांपैकी शेवटचे दोन वारे पकडायला सोपे आहेत. मेजवानीचे बिल असते, सरकारी गाडीचा नंबर असतो. पहिल्या दोघांचा पुरावा गोळा करणे कठीण, कारण औपचारिकतावादी माणसाची फाइल सगळ्यात नीटनेटकी असते.

हा शब्द शी जिनपिंग यांनी आणला का?

नाही. पक्षाच्या भाषेत तो निदान ऐंशी वर्षे आहे.

८ फेब्रुवारी १९४२ रोजी येनान या पक्षाच्या तेव्हाच्या तळावर माओ यांनी पक्षातल्या साचेबंद लेखनाविरुद्ध भाषण केले. मिंग आणि छिंग राजवटींच्या परीक्षांत आठ ठरीव भागांचा निबंध लिहावा लागे, त्याचे नाव त्यांनी पक्षातल्या लेखनाला दिले आणि त्यावर आठ आरोप ठेवले. पहिला आरोप लांबलचक पोकळ बडबडीचा होता. पाचवा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. लेखात एक, दोन, तीन, अ, आ, इ असे क्रमांक लावत मुद्दे मांडत जायचे, चिनी औषधांच्या दुकानातल्या खणांसारखे, ही पद्धत त्यांनी ‘औपचारिकतावादी’ ठरवली. गोष्टींची वर्गवारी त्यांच्या आतल्या संबंधावरून न करता बाहेरच्या खुणांवरून केली जाते, हा त्यांचा आक्षेप होता. आजच्या शब्दाचा गाभा इथेच सापडतो.

पुढे १९६३ मध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांनी नोकरशाहीवादाचे वीस प्रकार मोजून सांगितले. १९९२ च्या दक्षिण दौऱ्यात डेंग शियाओपिंग यांनी तक्रार केली की औपचारिकतावाद फार झाला आहे, दूरचित्रवाणी लावावी तर सगळ्या बैठकाच, भाषणे लांब आणि तीच ती. चौथ्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेसाठी, म्हणजे चीनच्या संसदेसाठी, चौ एन लाय यांच्या अहवालाला माओ यांनी पाच हजार अक्षरांची मर्यादा घातली होती आणि तेवढ्यात काम भागले, ही आठवणही डेंग यांनी तेव्हा सांगितली.

नेते बदलले, आर्थिक धोरण उलटेपालटे झाले, तक्रार मात्र तीच राहिली. म्हणून हा एखाद्या काळातल्या अधिकाऱ्यांचा स्वभावदोष नसून रचनेतून पुन्हा पुन्हा उगवणारी गोष्ट आहे, असे आम्ही मानतो.

मग हे घडते कसे? टप्प्याटप्प्याने सांगाल का?

चीनमध्ये कारभाराचे पाच स्तर आहेत: केंद्र, प्रांत, शहर-प्रभाग, परगणा आणि सर्वात खाली गाव-नगर किंवा वस्ती कार्यालय. खेडे या सरकारी उतरंडीच्याही खाली येते. केंद्रातून दस्तऐवज निघतो. प्रांत त्यावर ‘अंमलबजावणीविषयक मते’ काढतो, शहर ‘अंमलबजावणी योजना’ काढते, परगणा ‘तपशीलवार नियम’ काढतो, गाव-नगर ‘कार्ययोजना’ काढते. बहुतेक वेळा मजकूर तोच असतो, फक्त कार्यालयाचे नाव बदलते. याला चिनीत ‘वर-खाली सारख्याच जाडीचे’ म्हणतात.

प्रत्येक टप्प्यावर एक बैठकही होते, वरच्या बैठकीचा आशय खाली पोहोचवण्यासाठी. यातूनच ‘दस्तऐवजांचे डोंगर, बैठकांचे समुद्र’ हा चार अक्षरांचा वाक्प्रचार रूढ झाला.

दुसरी प्रक्रिया अधिक घातक आहे: ‘थरागणिक वजन वाढवणे’. समजा केंद्राने एखादे काम वर्षअखेरीस मागितले. प्रांत आपल्याला सवड राहावी म्हणून नोव्हेंबर लिहितो, शहर ऑक्टोबर, परगणा सप्टेंबर. ऐंशी टक्क्यांचे उद्दिष्ट खाली येईतो शंभर होते. यात कोणी एक जण दुष्टपणा करत नाही, प्रत्येक जण आपापल्या पातळीवर शहाणपणाने वागत असतो. शेवटच्या माणसाकडे मात्र ते काम खरोखर करण्याइतका वेळ उरत नाही. उरतो तो तक्ता भरण्याचा वेळ.

तिसरी अडचण रचनेतच आहे. वरची डझनावारी खाती खाली एकाच कार्यालयात येऊन मिळतात. चिनी कर्मचारी म्हणतात, ‘वर हजार दोरे, खाली एकच सुई’. शेती, आरोग्य, आग प्रतिबंध, लोकसंख्या नोंद, स्वच्छता, प्रत्येकाचा तक्ता वेगळा, पण भरणारी चार-पाच माणसे तीच. एकाच कुटुंबाची माहिती वेगवेगळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा लिहावी लागते, कारण खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या नसतात.

एखादे ठोस उदाहरण?

ल्याओनिंग प्रांतातल्या शेनयांग शहराच्या ग्रामीण शौचालयांचे. जानेवारी २०२१ मध्ये शिनहुआ या सरकारी वृत्तसंस्थेच्या नियतकालिकानेच ते उघड केले. १० कोटी युआनहून अधिक खर्च करून ८० हजारांवर शौचालये बांधली गेली आणि त्यांतली ५० हजारांहून जास्त लोकांनी वापरणे सोडले.

चूक कुठे झाली हे पाहण्यासारखे आहे. ईशान्य चीनचा हिवाळा कडाक्याचा, पाणी गोठते. शौचालय बांधले की ‘पूर्ण’ या रकान्यात आकडा चढत होता, पण थंडीत ते चालते का आणि टाकी भरल्यावर ती उपसायला कोण येणार, याला तक्त्यात रकानाच नव्हता. जे मोजले गेले ते झाले, जे मोजले गेले नाही ते राहिले. या प्रकरणात कोणी पैसे खाल्ले की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. प्रत्येकाने प्रामाणिकपणे तक्ता भरला असता तरीही शेवट फारसा वेगळा झाला नसता.

‘ठसे ठेवणे’ म्हणजे काय?

प्रत्येक कामाचा लेखी किंवा छायाचित्ररूप पुरावा जपून ठेवणे. मूळ कल्पना चांगली होती: काम केले असेल तर खूण राहील. पण तपासणीस आलेले पथक घराघरांत न जाता कपाटातली खोकी उघडते, हे एकदा कळले की खोकी भरणे महत्त्वाचे होते. गरीब कुटुंबाला भेट दिली, तर दारात उभे राहून फोटो, सही, तारीख, भेटीची वही. भेट दहा मिनिटांची, नोंदी अर्ध्या तासाच्या. तपासणी जाहीर झाली की जुन्या तारखा घालून वह्या पूर्ण करणेही ओघाने आलेच.

यामागे भीती आहे आणि ती खोटी नाही. अपघात झाला, आग लागली, तर चौकशी पथक पहिला प्रश्न विचारते: परिपत्रक मिळाल्यावर बैठक घेतली का, नोंद कुठे आहे? नोंद असेल तर माणूस वाचतो, नसेल तर खरे काम करूनही अडकतो. ज्याने ही खोकी भरण्यात आयुष्याची वर्षे घालवली त्याला ‘औपचारिकतावादी’ म्हणून हिणवणे आम्हाला अन्यायाचे वाटते. कागद मागणारा तो नसतो.

‘बोटांच्या टोकावरचा औपचारिकतावाद’ हा नवा शब्द कशासाठी?

तेच दुखणे मोबाइलवर आले म्हणून. वीचॅट या चिनी संदेश ॲपवरचे कामाचे गट, प्रत्येक खात्याचे वेगळे ॲप, रोजची हजेरी, गुणांची क्रमवारी, किती मिनिटे ऑनलाइन होता याची मोजणी. गटात सूचना पडली की ‘मिळाले’ असे उत्तर तात्काळ टाकावे लागते, मग रविवार असो की मध्यरात्र. २०२० च्या सुरुवातीला कोविडच्या साथीत वस्ती समित्यांना एकच माहिती अनेक कार्यालयांना वेगवेगळ्या तक्त्यांत द्यावी लागली, तेव्हा ‘तक्त्यांनी साथ रोखणे’ हा शब्दप्रयोग चिनी वृत्तपत्रांतच आला.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय सायबर सुरक्षा आणि माहितीकरण आयोगाने यावर स्वतंत्र मार्गदर्शक मते काढली आणि सक्तीची हजेरी, गुणांची क्रमवारी, ऑनलाइन वेळेची मोजणी यांना आवर घालायला सांगितले.

केंद्राने याविरुद्ध नेमके कोणते नियम केले?

मार्च २०१९ चे पक्षाच्या केंद्रीय कार्यालयाचे परिपत्रक सर्वात जास्त उद्धृत होते, कारण त्यात आकडे आहेत. ते वर्ष ‘तळाचा भार हलका करण्याचे वर्ष’ म्हणून जाहीर झाले. परगणा आणि त्याखाली जाणारे दस्तऐवज व बैठका ३० ते ५० टक्क्यांनी कमी करायच्या, केंद्राचे धोरणविषयक दस्तऐवज शक्यतो १० पानांच्या आत ठेवायचे, परगणे, गावे, कारखाने आणि शाळा यांच्यावरच्या तपासण्या निम्म्याहून कमी करायच्या. वीचॅट गटातले स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ हे प्रत्यक्ष कामाच्या मूल्यमापनाला पर्याय नाहीत, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये पक्ष आणि सरकार यांच्या केंद्रीय कार्यालयांचे नियम जाहीर झाले: ७ भाग, २१ कलमे. दस्तऐवज, बैठका, तपासण्या, खालच्या कार्यालयातून माणसे उसनी घेणे, सरकारी ॲप, तळाच्या कार्यालयाच्या जबाबदाऱ्यांची सीमा आणि आदर्श-नमुना स्पर्धा असे त्यांचे सात विषय आहेत. परिपत्रकाचा जोर एका वर्षात ओसरतो, नियम टिकतो, म्हणून हा बदल महत्त्वाचा. आमच्या मते त्यातला सर्वात उपयोगी भाग जबाबदाऱ्यांच्या सीमेचा आहे. गाव-नगर कार्यालयाने काय करायचे याची यादी ठरली, तर वरच्या खात्याला आपले काम खाली ढकलणे कठीण जाईल.

इतके करूनही औपचारिकतावाद कमी का होत नाही?

कारण तो कमी करण्याची मोहीमही त्याच पाच स्तरांतून खाली जाते. दस्तऐवज ५० टक्क्यांनी कमी करा म्हटले की लाल मथळ्याच्या अधिकृत कागदांची संख्या घटते आणि तोच मजकूर बिनमथळ्याच्या पांढऱ्या कागदावर, साध्या पत्रातून किंवा वीचॅटवरच्या ‘स्नेहपूर्ण सूचनेतून’ येतो. तीन बैठका एकामागून एक जोडून ‘एक बैठक’ म्हणून मोजल्या जातात. भार किती हलका झाला याचा तक्ताही भरून पाठवावा लागतो.

मुळाशी बढतीची पद्धत आहे. अर्थतज्ज्ञ चौ ली-आन यांनी २००७ मध्ये चिनी स्थानिक अधिकाऱ्यांच्या बढतीचे वर्णन ‘स्पर्धामालिका’ असे केले: एकाच पातळीवरचे अधिकारी मोजता येणाऱ्या निकालांवर एकमेकांशी झुंजतात. त्यांनी ते प्रामुख्याने आर्थिक वाढीबद्दल मांडले होते. उद्दिष्टे वाढत गेली तशी मोजपट्टी मात्र वरच्याच्या हातात राहिली. गावातला माणूस कार्यालयाच्या कामाला गुण देत नाही, वरचा अधिकारी देतो. त्याला दिसते ते फक्त कागदावर. मत देणारा नागरिक किंवा मोकळे स्थानिक वर्तमानपत्र यांच्याकडून येऊ शकणारी दुसरी बातमी नसेल, तर वरच्याला आणखी तपासणी पथके पाठवावी लागतात आणि पथके आली की खोकी भरली जातात.

हा गुन्हा आहे का? शिक्षा काय होते?

फौजदारी गुन्हा नाही. पक्षाच्या शिस्तभंग नियमावलीत २०१८ पासून त्याची नेमकी वर्णने आहेत. बैठकीची अंमलबजावणी बैठकीने आणि दस्तऐवजाची दस्तऐवजाने करणे हे त्यांतले एक. शिक्षा चढत्या क्रमाने: इशारा, गंभीर इशारा, पक्षातल्या पदावरून हटवणे, देखरेखीखाली सदस्यत्व, हकालपट्टी. पक्षसदस्य नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही १ जुलै २०२० पासून लागू झालेला शासकीय शिस्त कायदा लागतो, त्याच्या ३९ व्या कलमात हा शब्द आहे. मात्र त्यासाठी वाईट परिणाम झालेला असावा लागतो. परिणाम गंभीर असेल तर प्रकरण कर्तव्यातल्या हलगर्जीपणाच्या कलमाखाली, फौजदारी कायद्याच्या ३९७ व्या कलमात, जाऊ शकते. तो आरोप वेगळा आहे.

१९५८ ची फुगवलेली पिके यातच मोडतात का?

नाते आहे, नाव वेगळे. ‘मोठ्या झेपे’च्या, म्हणजे माओंच्या झपाट्याने उत्पादन वाढवण्याच्या मोहिमेच्या, काळातल्या अतिशयोक्तीला ‘फुगवट्याचा वारा’ म्हणतात आणि तो तेव्हाच्या ‘पाच वाऱ्यां’पैकी एक आहे. आजच्या चार वाऱ्यांशी त्याची गल्लत करू नये.

सप्टेंबर १९५८ मध्ये दक्षिण चीनच्या क्वांगशीमधल्या ह्वानच्यांग परगण्यात एका मू शेतात १,३०,४३४ जिन भात पिकल्याचे जाहीर झाले. एक मू म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे, एक जिन म्हणजे अर्धा किलो. म्हणजे साडेसहा गुंठ्यांत ६५ टन. भाताची शेती पाहिलेल्या कोणालाही हे अशक्य आहे हे कळेल. अनेक शेतांतले पिकत आलेले भात उपटून एका तुकड्यात दाटीने लावले होते. अशा आकड्यांवर धान्याची सरकारी वसुली ठरली, खेड्यात खायला उरले नाही आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. औपचारिकतावादाला कंटाळवाणी कार्यालयीन कटकट समजणाऱ्यांनी ह्वानच्यांगचा हा आकडा लक्षात ठेवावा.

कला-साहित्यातला ‘रूपवाद’ हाच का?

चिनीत शब्द तोच, अर्थ दुसरा. रशियन समीक्षेतल्या रूपवादालाही ‘शिंगशर जूयी’च म्हणतात. संदर्भ कविता, संगीत किंवा गणिताचा असेल तर मराठीत ‘रूपवाद’ लिहावे.

सामान्य चिनी माणूस हा शब्द वापरतो का?

सर्रास. शाळेत पालकांकडून भरून घेतले जाणारे अर्ज, कंपनीतली निरर्थक साप्ताहिक बैठक, निरीक्षणाच्या आदल्या दिवशीची धुलाई, सगळ्याला हा शब्द लागतो. तो पक्षाच्या अधिकृत शब्दसंग्रहातला असल्यामुळे त्याने टीका करणे तुलनेने सुरक्षित असते. ‘धोरणच चुकले’ म्हणता येत नाही, ‘अंमलबजावणीत औपचारिकतावाद आहे’ असे म्हणता येते. म्हणूनच एखाद्या चिनी लेखात या शब्दाची गर्दी दिसली, तर लेखकाला याहून अधिक काही म्हणायचे आहे का, हे शोधावे.

बातमीत हा शब्द आला तर काय पाहावे?

आधी पाहावे की सोबत प्रकरण आहे की नुसते आवाहन. नेत्याच्या भाषणातला ‘विरोध करा’ हा नेहमीचा सूर असतो. केंद्रीय शिस्त तपासणी आयोगाच्या जाहीर निवेदनात मात्र पद, घटना आणि शिक्षा दिलेली असते, बातमी तिथे आहे. मग शिक्षा झालेल्याचा हुद्दा पाहावा. आयोग दरमहा आकडेवारी देतो, तिच्यात औपचारिकतावाद-नोकरशाहीवाद एका मथळ्याखाली आणि भोगवाद-उधळपट्टी दुसऱ्याखाली असते. स्तंभ चार: प्रांत-मंत्रालय, विभाग, परगणा आणि गाव-नगर व त्याखालचे. शिक्षा झालेल्यांची बहुसंख्या शेवटच्या स्तंभात असते. तिथे माणसेही सर्वात जास्त आहेत, हे धरूनच तुलना करावी. पण ज्यांनी तक्ते मागितले ते वरच्या तीन स्तंभांत बसतात, त्यामुळे हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय एकूण संख्येवरून निष्कर्ष काढू नये.